वाघ नाही दिसला तरी चालते, परतीची गाडी दिसली पाहिजे

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत दर उन्हाळ्यात ‘सुट्टीत कुठे जाल’ असं पान येते, यंदाही आलं. कोकण, महाबळेश्वर, मनाली, अन् विदर्भाचं म्हणून एका कोपऱ्यात ताडोबाचं रिसॉर्ट, जिप्सीत टोपी घालून बसलेली फॅमिली. पान चांगलं असते, मी पूर्ण वाचते, घरातले पोट्टे तर फोटो कापून वहीले चिकटवतात. पण साहेब तुमचा पेपर खेड्यातही येते ना, आमच्या किराणा दुकानाच्या काउंटरवर दिवसभर पडलेला असते अन् येणारा प्रत्येक जण चाळून जाते, अन् त्या चाळणाऱ्यांपैकी त्या पानावरच्या जागी जाणारं मला तरी कोणी दिसत नाही. म्हणून लिहून राहिली. खेड्यातल्या लोकांना फिरायची हौस नाही असं मात्र कोणी समजू नका, हौस लय आहे, फक्त ती तुमच्या पानात बसत नाही.

पहिले तर हा मे महिनाच चुकीचा. आमच्या इकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, सकाळी दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. विदर्भातल्या शाळा पण याच उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, २०२५ मध्ये तिकडं १६ जूनला उघडल्या अन् इकडे २३ जूनला. अशा उन्हात लेकरं अन् म्हातारी माणसं घेऊन कुठं निघता? शिवाय उन्हाळ्यात लग्नं, एकेका दिवशी तीन-तीन पत्रिका, अन् उरलेल्या दिवसात वावरातला काडीकचरा वेचणं, शेणखत टाकणं, बियाण्या-खताच्या पैशाची जुळवाजुळव. शेतकऱ्याच्या घरी मे ही सुट्टी नसतेच, फक्त शाळेला असते.

आमची सुट्टी कधी असते ते सांगते. निंदण-डवरणी आटोपली अन् पोळा यायचा आहे, तेव्हाचे थोडे दिवस. मग सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, कापसाचा एक वेचा झाला, तेव्हा मधातला एखादा रविवार. अन् तूर घरात आल्यावर, हरभरा सोंगायच्या आधी, थंडी उतरत असते तेव्हा. या तिन्ही टायमाला विदर्भ जसा दिसते तसा तुम्ही फोटोत पाहिला नसेल बाप्पा. श्रावणात टेकड्या हिरव्यागार, नाले वाहतात, दिवाळीनंतर तलाव काठोकाठ भरलेले, अन् फेब्रुवारी-मार्चात पळस फुलला की पूर्ण माळ लाल. पण या टायमाला तुमच्या पुरवणीत सहलीचं पान नसते, तेव्हा दिवाळीच्या खरेदीचं नाही तर परीक्षेच्या टेन्शनचं असते.

आता आमच्याकडे लोक फिरतात कसे तेही ऐका. आमच्याकडे बाईमाणसानं ‘फिरायला जाते’ असं म्हटलं की घरात पहिला प्रश्न, काहून, कामं नाहीत का? पण देवाच्या नावानं निघालं तर कोणी अडवत नाही. त्यामुळे आमची सगळी ट्रिप देवाच्या खुंटीला टांगलेली असते. कार्तिकात आवळीभोजन, म्हणजे आवळीच्या झाडाची पूजा करायची अन् त्याच्याच सावलीत सगळ्यांनी बसून जेवायचं. नागपंचमीच्या वेळेस पचमढीची नागद्वारची यात्रा, इकडच्या गावागावातून माणसं जातात, सातपुड्याचे डोंगर चढतात-उतरतात, पावसात भिजतात, ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत चालतात. शहरातले लोक यालाच ट्रेकिंग म्हणतात अन् त्याच्यासाठी बूट वेगळे घेतात. आमच्या गल्लीतली साठीच्या पुढची बाई स्लीपरवर जाऊन आली. तिला विचारलं काय पाहिलं, तर देवाचं सांगून झाल्यावर पंधरा मिनिटं फक्त झाडांचं अन् ढगाचं सांगत होती, ढग कसा पायाखालून गेला.

अन् रोडगे. रोडग्याबद्दल तुमच्या पानात एक ओळ कधी वाचली नाही. नवस फेडायला मारोतीच्या नाही तर महादेवाच्या देवळापाशी जायचं, जवळ पाणी अन् मोठं झाड पाहिजे, गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, वरण, वांग्याची भाजी, अन् रोडगा फोडून त्याच्यावर तूप. सगळ्यात भारी गोष्ट ही की रोडगे गडीमाणसं करतात. बायका त्या दिवशी झाडाखाली बसतात, पाय लांब करून, गप्पा मारतात. वर्षातून असा दिवस किती वेळा येते हे कोणत्याही बाईला विचारा. तुमच्या पानावरच्या ‘फॅमिली व्हेकेशन’मध्ये मला हे दिसत नाही, तिथल्या फोटोतली बाई हसत असते पण सकाळी सगळ्यांचे डबे कोणी भरले ते फोटोत नसते.

पण ही जी साधी एका दिवसाची सहल आहे ती आता अवघड होत चालली, अन् पत्राचा खरा मुद्दा हाच आहे. झाडंच राहिली नाहीत. गावाच्या आमराया तुटल्या, भावकीत वाटणी झाली की पहिले आंबा विकला जाते. मग राहिलं काय, तर धरण. धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी चारनंतर जी मंडळी येते ती कशासाठी येते ते सगळ्यांना माहीत आहे. मोटरसायकली लागतात, बाटल्या निघतात, गाणे वाजतात, अन् सोबत लेकीबाळी असलेला माणूस गुपचूप सतरंजी गुंडाळून निघते. काचा तिथंच, दुसऱ्या दिवशी गुराखी पोरांच्या पायात. पावसाळ्यात फोटो काढताना पाय घसरून पोरं बुडाल्याची बातमी दरवर्षी तुम्हीच छापता, ती पण बहुतेक असल्याच जागेची असते.

बरं, कचरा फक्त बेवडेच करतात असंही नाही. पहिले पळसाच्या पानाची पत्रावळ असायची, जेवण झालं की गाय खाऊन टाकायची नाही तर मातीत जायची. आता थर्माकोलच्या अन् चकचकीत प्लेटा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, तरी कोणत्याही देवळामागं जाऊन पहा. आमच्या दुकानात मी पत्रावळीच ठेवते, गिऱ्हाईक प्लेटा मागते, मी नाही म्हणते, काही गिऱ्हाईक तुटलं पण, असो.

मग म्हणाल जंगलात जा, विदर्भात जंगल काय कमी आहे? आमच्याच वर्धा जिल्ह्यात बोर आहे, १९७० चं अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा तर १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर, सगळं विदर्भातच. पण यातलं कोणतंही नाव घेतलं की आता एकच चित्र येते, गेट, ऑनलाइन बुकिंग, जिप्सी, गाइड. एका जिप्सीत सहा जण. आमच्या घरी दोन भावांचं कुटुंब अन् म्हातारे धरून त्याच्यावर जाते, म्हणजे दोन जिप्स्या, म्हणजे तो विषय तिथंच बंद. शिवाय बुकिंग कितीतरी दिवस आधी नाव अन् ओळखपत्रासकट करायचं, अन् शेतकऱ्याचं तर आदल्या रात्री ठरते की उद्या मजूर येणार नाही, मोटर जळली, पाऊस झाला, तर चला कुठंतरी. पावसाळ्यात कोर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद, ताडोबा मंगळवारी बंद. वाघाला आराम पाहिजे हे पटते, त्याच्याबद्दल तक्रार नाही, अन् गेटवर आमच्यासाठी भाव कमी करा असंही मी म्हणून नाही राहिली. कमी केले तर गर्दी वाढेल अन् वाघाचं अजून वाटोळं होईल.

खरं सांगू का, जंगलालगतच्या गावाला वाघ पाहायची हौसही नसते. ज्याला रात्रीच्या लाइटीवर ओलीत करायला वावरात जावं लागते, एका हातात टॉर्च अन् एका हातात काठी, तो पैसे देऊन वाघ काहून पाहील? चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं वाघानं मारली, त्या बातम्या आम्ही पण वाचतो. आम्हाला जंगल पाहिजे ते झाडासाठी, पाण्यासाठी, टेंभरं अन् चारं खायला, लेकरांना दाखवायला की हे बेहड्याचं झाड अन् हे मोहाचं. माझं माहेर चंद्रपूरकडलं. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे, वाघाशी लढताना मेलेल्या तारूची कथा तिकडं सगळ्यांना माहीत आहे, अन् पौष महिन्यात तिथं आदिवासींची जत्रा भरायची, माणसं लेकराबाळासकट जायची. म्हणजे जंगलात कुटुंबानं जाणं ही आमच्याकडे काही रिसॉर्टवाल्यांनी आणलेली फॅशन नाही. २०२४ च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे अंधार राखून चांदण्या पाहायची जागा, वाचून आमचे हे म्हणे की आपल्या गावाले तर हा दर्जा कधीचाच भेटायला पाहिजे होता, लाइट जाते तेव्हा.

तर वाघ सोडा, बाकीचं बोला. खेड्यातल्या कुटुंबाला एका दिवसाच्या सहलीसाठी फार थोडं लागते. सावली लागते, प्यायचं पाणी लागते, बाईसाठी संडास-बाथरूम लागते, अन् संध्याकाळी परतीची गाडी.

बाथरूमचं जरा स्पष्टच लिहिते, छापायचं तर छापा. एका धरणावर, नाव लिहीत नाही, आम्ही सगळे गेलो होतो. बगिचा होता, झोपाळा होता, सेल्फी पॉइंटही होता लाल बदामाचा, अन् बाथरूमला कुलूप. चावी कोणाकडे तर म्हणे साहेबाकडे, साहेब कुठं तर तालुक्याला. गडीमाणसांचं काही अडलं नाही. आम्ही बायकांनी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं अन् माझ्या जावेची पोरगी, जी बारावीत आहे, ती म्हणे मला आता कुठं न्यायचं नाही. सेल्फी पॉइंटला पैसे असतात, कुलूप उघडून ठेवायला एक बाई ठेवायला नसतात, हे कोणी बसून ठरवते तरी का?

अन् गाडी. मोटरसायकलवर चार-चार जण बसून कुटुंबं जातात ते तुम्ही पण रस्त्यानं पाहिलं असेल, ते हौसेनं नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, चांगलं झालं, पण त्याच्यावर दुचाकी अन् ऑटोला बंदी आहे, म्हणजे आमच्यासाठी तो पाहायचाच रस्ता. आमची खरी गाडी एसटीच. १७ मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट झालं, त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्याला फुकट. आता आमच्या घरचा हिशेब पहा, सासूबाई फुकट, मी अन् जाऊबाई अर्ध्यात, बारा वर्षापर्यंतची लेकरं अर्ध्यात, पूर्ण तिकीट फक्त दोघा भावांचं. इतकी स्वस्त सहल पुऱ्या देशात कुठं असेल का ते सांगा. अर्ध्या तिकिटानं कोणी काही म्हणो, माझ्या ओळखीतल्या कितीतरी बाया पहिल्यांदा जिल्ह्याच्या बाहेर गेल्या त्या याच्याच भरोशावर. पण खेड्यातल्या गाड्यांचे टाइम बाजार अन् शाळा पाहून असतात, रविवारी म्हणून काही फेऱ्या कमी, अन् एखाद्या धरणाहून, टेकडीहून संध्याकाळी पाचला परत कोणती गाडी आहे हे नेटवर सापडत नाही, स्टँडवरच विचारावं लागते. मुक्कामी गाडी सकाळी गाव सोडते, रात्री परत येते, तिच्या टायमात सहल बसवायची म्हणजे जेवणाचा डबा उघडायच्या आधी परतीचा विचार. मोठा ग्रुप असला तर प्रासंगिक करारावर पूर्ण बस करता येते, बचतगटाच्या बायांनी मिळून केली तर डोईवर फार येत नाही, पण हे कितीजणींना माहीत आहे? पेपरनं सांगितलं तर होईल.

जागा कमी नाहीत. पवनारला धाम नदी आहे, काळे खडक, विनोबांचा आश्रम, अन् तिथून सेवाग्राम जवळच, १९३६ पासूनची जागा, मोठी झाडं, शांत, कोणी हाकलत नाही. धामच्या खडकावर पावसाळ्यात मात्र लेकरांचा हात सोडू नका, शेवाळ असते. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, आर्वीकडून जाता येते, आम्हा बायांना तिथं जायला कारण सांगावं लागत नाही. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी, शेख फरीदबाबांचा दर्गा, हिंदू-मुसलमान सगळेच जातात. तिथं गोल-गोल गोटे सापडतात, गोष्ट अशी की बाबाची टिंगल केली म्हणून व्यापाऱ्याचा सगळा माल, नारळ अन् काय-काय, दगड झाला. शिकलेले लोक त्याला झिओलाइट म्हणतात, आपला हा सगळा भाग लाव्हाच्या खडकाचा असल्यानं तसे तयार होतात म्हणे. लेकरांना दोन्ही गोष्टी सांगा, त्यांना दोन्ही आवडतात.

भंडारा-गोंदियाकडच्या लोकांचं मला नवल वाटते, त्यांच्याकडे गावागावात मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधलेले. नवेगाव बांध तर एवढा मोठा की समुद्र वाटते. थंडीत अशा पाण्यावर पाहुणे पक्षी येतात, चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब येतात, आमच्या इकडच्या धरणांवरही येतात, त्याला ना तिकीट ना जिप्सी. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असते, २०२० पासून, ५ तारीख म्हणजे मारुती चितमपल्लींचा वाढदिवस अन् १२ म्हणजे सलीम अलींचा. चितमपल्ली साहेब वनखात्यात होते, नवेगावला कितीतरी वर्षं राहिले, २०२५ मध्ये पद्मश्री भेटली अन् त्याच वर्षी जूनमध्ये गेले. या सप्ताहात शाळेत रांगोळी अन् भाषण होते. त्याच्यापेक्षा मास्तरांनी पोरांसोबत मायबापालाही एक सकाळ तलावावर न्यावं, पक्ष्याची नावं बापालाच जास्त माहीत निघतील.

चिखलदऱ्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे माझं. जागा सोन्यासारखी, सुमारे ११०० मीटर उंच, महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथंच, भीमकुंड, पंचबोल, पावसाळ्यात धुकं असं की समोरचा माणूस दिसत नाही. पण श्रावणातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका बाप्पा. परतवाड्याहून वर चढताना घाटात गाड्यांची लाइन लागते, अर्धा दिवस तिथंच जाते. निवांत जायचं असेल तर मधातल्या वारी जा, शेतकऱ्याला रविवारचं काय घेणंदेणं. लोणार पण एका दिवसात आर्वीकडून झेपत नाही, अन् दुपारच्या उन्हात विवरात उतरून वर चढणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. ते मुक्कामानंच करावं.

एक सूचना जाता जाता, जगरा पेटवणाऱ्यांसाठी. १५ फेब्रुवारी ते १५ जून वनखात्याचा वणव्याचा हंगाम असते, त्या दिवसात जंगलालगत विस्तव नको म्हणजे नको. अन् कधीही जगरा लावायच्या आधी मान वर करून झाड पाहा, आग्या मोहोळ असलं अन् धूर वर गेला तर मग रोडगे राहतात तिथंच अन् माणसं दवाखान्यात.

तर साहेब मागणी एवढीच की पुरवणीत पाव कॉलम द्या. दर पंधरवड्याला आपल्या भागातली एक जागा. रिसॉर्टचा फोटो नको, फक्त एवढं लिहा की तालुक्याहून गाडी किती वाजता, परतीची शेवटची कधी, पाणी आहे का, सावली आहे का, बाथरूम उघडं असते का कुलूपबंद, अन् संध्याकाळी तिथं कोण बसते. बाथरूमचं कुलूप एकदा फोटोसकट छापून आलं ना, तर पंधरा दिवसात चावी सापडते की नाही पाहा. तुमचे तालुक्याचे बातमीदार रोज याच रस्त्यानं फिरतात, त्यांना हे काम जड नाही. सोयाबीन निघालं की लोक मोकळे होतात अन् कार्तिकात आवळीभोजन असते, त्याच्या आधीच्या रविवारी पहिली जागा छापली तर बरं होईल. आर्वी स्टँडवरचे टाइम मी स्वतः फलकावरून लिहून पाठवते, गुरुवारी बाजाराला जायचंच असते.

आपली,
एक वाचक, किराणा दुकानवाली
ता. आर्वी, जि. वर्धा